भांडायचंच असेल तर किमतीवरनं नको

दर काही महिन्यांनी हा वाद नव्याने पेटतो. कुणीतरी १९८१ सालची एखादी सात इंची हार्डकोअर रेकॉर्ड (हार्डकोअर म्हणजे पंक रॉकचाच आणखी वेगवान, आक्रमक प्रकार) हजारो डॉलर मोजून घेतो, आनंदाच्या भरात चार लोकांना दाखवतो आणि लगेच दोन तट पडतात. एक बाजू म्हणते, ज्या पोरांनी पैशापुढे मान तुकवायची नाही म्हणून सगळा खटाटोप केला त्यांच्याच रेकॉर्डचा असा लिलाव म्हणजे शुद्ध विश्वासघात. दुसरी म्हणते, पैसे माझे, हौस माझी, तुम्हाला काय करायचंय. दोन दिवस हाणामारी होते आणि कुणाचंच मत तसूभर हलत नाही. मला दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडताना दिसतात. किंमत हा मुद्दाच नाहीये. त्या रेकॉर्डवरचं गाणं आणि तिच्यासोबत आलेली माहिती बाकीच्यांपर्यंत पोचते का, एवढाच प्रश्न आहे. पोचत असेल तर संग्राहकाने खुशाल घर विकून रेकॉर्ड घ्यावी, त्याने कुणाचंही काही हिरावलेलं नाही. आणि पोचत नसेल तर ती त्याला रस्त्यावरच्या डब्यात फुकट सापडलेली असली तरी त्याच्यावर जबाबदारी येते, मग त्याला ती आवडो न आवडो.

हे नीट समजायला वॉशिंग्टन डीसीचं उदाहरण घेऊ, कारण वाद झाला की सगळे त्याचंच नाव घेतात आणि बहुतेक वेळा चुकीच्या कारणासाठी. १९८० च्या शेवटी टीन आयडल्स नावाचा शाळकरी पोरांचा बँड फुटला. वर्षभर छोटे छोटे कार्यक्रम करून जे मिळालं ते त्यांनी वाटून न घेता एका डब्यात साठवलं होतं, साधारण सहाशे डॉलर. बँड संपला, आता हे पैसे वाटून घ्यायचे की आपण जे केलं त्याची रेकॉर्ड काढायची, असा प्रश्न आला आणि त्यांनी रेकॉर्ड काढली. त्यासाठी बँडमधल्याच इयन मॅकाय, जेफ नेल्सन आणि मित्रांनी डिस्कॉर्ड हे लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी छोटी कंपनी, सुरू केलं. आठ गाणी, हजार प्रती. कव्हर कसं बनवतात हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून इंग्लंडहून आलेल्या एका सिंगलचं कव्हर उकलून त्याचा साचा घेतला, कागद छापून आणले आणि घरी बसून कात्रीने कापून, घड्या घालून, गोंद लावून चिकटवले. त्या विक्रीतनं जे परत आलं ते पुढच्या रेकॉर्डमध्ये घातलं. १९८१ मध्ये एसओए, मायनर थ्रेट, गव्हर्नमेंट इश्यू, यूथ ब्रिगेड असे एकामागनं एक बँड याच पद्धतीने निघाले, आणि बरंचसं रेकॉर्डिंग आर्लिंग्टनमधल्या डॉन झियंतारांच्या इनर इअर स्टुडिओत झालं, जो तेव्हा त्यांच्या घराच्या तळघरात होता.

आता यातली एक गोष्ट लोक विसरतात आणि माझ्या मते सगळा वाद तिथेच सुटतो. पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा बँड अस्तित्वातच नव्हता! ती विकून प्रसिद्ध व्हायचं नव्हतं, दौरा काढायचा नव्हता, मोठ्या कंपनीच्या नजरेत भरायचं नव्हतं. आपल्या गावात हे घडलं याची नोंद राहावी म्हणून ती काढली होती. डिस्कॉर्ड आजपर्यंत फक्त डीसी परिसरातल्याच बँडची रेकॉर्ड काढतं ते याच कारणासाठी. म्हणजे 'पंक त्या क्षणापुरतं होतं, जपून ठेवणं हेच पंकविरोधी' असं जे ठणकावून सांगितलं जातं ते निदान या गावाच्या बाबतीत तरी साफ चूक आहे. जपून ठेवणं ही त्या लेबलची पहिली प्रेरणा होती. मग ज्याने चाळीस वर्षं ती गोंदाने चिकटवलेली कव्हरं ओल लागू न देता सांभाळली तो त्या पोरांच्या विरुद्ध वागला की त्यांचंच काम पुढे चालवत राहिला?

पण मग किंमत? मान्य आहे, हा मुद्दा पोकळ नाही. हे संगीत पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांचं होतं, खिशात पैसे नसलेल्यांचं. मॅकायचा मायनर थ्रेटनंतरच्या काळातला बँड फुगाझी, त्यांनी शक्य तिथे तिकीट पाच डॉलर ठेवलं आणि कुठल्याही वयाच्या माणसाला आत घेता येईल अशाच जागी वाजवायचं हा नियम पाळला. डिस्कॉर्डने बँडशी लेखी करार केले नाहीत, रेकॉर्डच्या किमती कमी ठेवल्या. आज त्याच वयाच्या पोराला त्याच रेकॉर्डची पहिली आवृत्ती हातात घ्यायची तर बापाचा दोन महिन्यांचा पगार लागेल. हे बघून ज्याच्या पोटात कालवत नाही त्याला हे संगीत कळलंच नाही असं मीही म्हणेन.

घोडं पेंड खातं ते पुढेच. त्या पोराला ती गाणी ऐकायची असतील तर पहिल्या आवृत्तीची गरज काय? डिस्कॉर्डने १९८४ मध्येच आपल्या सुरुवातीच्या चार सात इंची रेकॉर्ड एका बारा इंचीवर एकत्र करून परत काढल्या. मायनर थ्रेटच्या तोवर निघालेल्या सगळ्या रेकॉर्ड १९८९ मध्ये एका सीडीवर आल्या आणि ती गाणी आजही सहज मिळतात. फुगाझीच्या आठशेपेक्षा जास्त कार्यक्रमांची रेकॉर्डिंग त्यांनी २०११ पासून टप्प्याटप्प्याने लोकांसाठी खुली केली, एका कार्यक्रमाचे पाच डॉलर सुचवले आणि वर सांगितलं की एका डॉलरपासून परवडेल ते द्या. म्हणजे ज्यांनी हे घडवलं त्यांनी प्रश्नाचं उत्तर केव्हाच देऊन टाकलंय. गाणं स्वस्तात सतत मिळत राहील याची सोय केली आणि मग पहिल्या हजार प्रतींना कोण किती पैसे देतंय याची फिकीर केली नाही. गाणं आणि वस्तू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांनी त्या वेगळ्या केल्या, आपण मात्र अजून गुंता करून बसलोय.

आणि विश्वासघाताबद्दल बोलायचंच तर खरा विश्वासघात कसा दिसतो तेही बघा. मायनर थ्रेटच्या पहिल्या रेकॉर्डच्या कव्हरवर पायऱ्यांवर बसून गुडघ्यात डोकं घातलेला, टक्कल केलेला एक पोरगा आहे, इयनचा भाऊ अ‍ॅलेक. २००५ मध्ये नाइकीने आपल्या स्केटबोर्डिंग दौऱ्याच्या पोस्टरसाठी हुबेहूब तेच चित्र तसंच उभं केलं, फक्त बूट त्यांचे. परवानगी नाही, विचारणा नाही. आरडाओरडा झाल्यावर माफी मागून पोस्टर मागे घेतलं. कपाटात एक रेकॉर्ड जपून ठेवणाऱ्या माणसाला आणि अख्ख्या चळवळीचा चेहरा बूट विकायला वापरणाऱ्या कंपनीला एकाच शिव्या कशा लागू पडतील?

संग्राहकांच्या बाजूने बोलतोय म्हणून त्यांच्या सगळ्याच सवयी पाठीशी घालणार नाही. मुद्दाम तयार केलेला तुटवडा मला मनापासून खटकतो. ऐंशीचं दशक संपता संपता हार्डकोअरमध्ये रंगीत रेकॉर्ड, इतक्याच प्रती, अमुक कार्यक्रमापुरतं वेगळं कव्हर असले प्रकार वाढले आणि आज तर कित्येक लेबलं एकाच रेकॉर्डच्या पाच रंगांच्या आवृत्त्या काढतात ज्या एकच माणूस पाचही विकत घेतो. यात नोंद कसली आणि इतिहास कसला. आधीच्या काळात प्रती कमी असायच्या त्या पैसे नव्हते म्हणून, किंवा काहीतरी फसलं म्हणून. न्यूयॉर्कच्या जज बँडचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, १९८९ मध्ये अल्बमचं पहिलं रेकॉर्डिंग त्यांना इतकं नापसंत पडलं की त्यांनी ते परत नव्याने केलं आणि आधीच्या रेकॉर्डिंगच्या फक्त ११० प्रती निघाल्या. ती दुर्मिळ आहे कारण बँडला ती नको होती. त्या रेकॉर्डमध्ये एक गोष्ट आहे, एक निर्णय आहे, एका बँडने स्वतःच्या कामाकडे किती कडक नजरेने बघितलं ते आहे. आवृत्तीला पाचवा रंग देण्यात यातलं काहीच नाही. जमवणाऱ्याने हा फरक करायला शिकलं पाहिजे आणि न करणाऱ्यांवर टीका झाली तर ती योग्यच आहे.

डीसीचं उदाहरण एका अर्थी सोपं आहे, लेबल शाबूत, माणसं हयात, सगळं छापात. अवघड प्रश्न इतर गावांमध्ये आहे. मिशिगनमधल्या लॅन्सिंगला टच अँड गो नावाचं हाताने काढलेलं मासिक होतं, त्याच्या लोकांनी १९८१ मध्ये रेकॉर्ड काढायला सुरुवात केली. पहिली नेक्रोस या ओहायोच्या बँडची, तिच्या शंभर प्रती. दुसरी द फिक्स या लॅन्सिंगच्याच बँडची, तिच्या दोनशे. शंभर आणि दोनशे! द फिक्सचं सगळं काम लेबलने एकत्र करून परत काढलं ते थेट २००६ मध्ये, पंचवीस वर्षांनी. मधल्या काळात ती पहिली रेकॉर्ड कुणाला ऐकायची असेल तर त्या दोनशेपैकी एक प्रत ज्याच्याकडे आहे अशा माणसाच्या मेहरबानीवर सगळं अवलंबून. अशा ठिकाणी गाणं आणि वस्तू वेगळ्या राहत नाहीत, वस्तू म्हणजेच गाणं असतं. आणि तिथे 'माझे पैसे माझी हौस' हे उत्तर मला अजिबात पुरत नाही. ज्याने अशी प्रत घेऊन कुणाला कॅसेटवर उतरवून दिली, कव्हरची झेरॉक्स काढू दिली, त्याने चळवळ जिवंत ठेवली. ज्याने प्लॅस्टिकमध्ये सील करून भाव वाढायची वाट बघितली त्याने काय केलं ते त्याने स्वतःलाच विचारावं.

हा प्रश्न काही पंकने पहिल्यांदा जन्माला घातलेला नाही. अमेरिकेतच विस्कॉन्सिनमध्ये पॅरामाउंट नावाची फर्निचर कंपनीची रेकॉर्ड शाखा होती, १९२९-३० च्या सुमारास तिने चार्ली पॅटनसारख्या मिसिसिपीच्या ब्लूज गायकांची रेकॉर्डिंग केली. मंदीत धंदा बुडाला आणि धातूचे साचे भंगारात गेले. आज पॅटनची ती गाणी आपण ऐकतो ती कुणाच्या तरी घरी वाजून वाजून झिजलेल्या लाखेच्या रेकॉर्डवरनं उतरवलेली असतात, मागचा खरखराट त्याचाच. पुढच्या काळात काही हट्टी माणसं त्या रेकॉर्ड शोधत फिरली नसती तर आज पॅटन हे फक्त एक नाव राहिलं असतं. आपल्याकडे भास्करबुवा बखल्यांचं तसंच झालं, थोरामोठ्यांनी वाखाणलेला गायक, आणि ऐकायला एकही रेकॉर्डिंग नाही. बालगंधर्वांच्या, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्ड उरल्या त्यातही घरोघरच्या संग्राहकांचा हात आहे. मुंबईत १९९० मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स उभी राहिली, सुरेश चांदवणकरांसारखे लोक रेकॉर्ड जमवून थांबले नाहीत, त्यावर लिहिलं, याद्या केल्या, लोकांना बसवून ऐकवलं. मला जमवणं म्हणजे हेच अपेक्षित आहे.

इथे एक जण मला नक्की म्हणेल, अहो वस्तू गेली म्हणून गाणं जात नाही, तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली तरी अभंग लोकांच्या तोंडी होतेच की. मला हा युक्तिवाद फार आवडतो आणि तो अर्धा खरा आहे. लोकांच्या तोंडी राहणं ही सगळ्यात मोठी जपणूक, हार्डकोअरमध्येही नवी पोरं जुनी गाणी वाजवतात म्हणून ती जिवंत आहेत. पण बाकीचा अर्धा भागही बघा ना. १८६९ आणि १८७३ मध्ये इंदुप्रकाश छापखान्यातनं तुकोबांच्या अभंगांची जी मोठी आवृत्ती निघाली ती नुसत्या तोंडी परंपरेवर नाही निघाली. देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या जुन्या वह्या समोर ठेवून, पाठभेद ताडून ती तयार झाली. त्या वह्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या जपल्या होत्या, आणि महत्त्वाचं म्हणजे, वेळ आली तेव्हा त्या बघू दिल्या. कुणी तळेगावची वही कपाटात घालून कुलूप लावलं असतं तर? तिची मालकी कुणाची यावर एकाने तरी वाद घातला असता का, की ती उघडत का नाही यावर घातला असता?

यूट्यूबवर सगळं आहे, हा तिसरा युक्तिवाद, आणि तो मला सगळ्यात कमजोर वाटतो. मुळात तिथे जे आहे ते कुठनं आलं? कुणीतरी आपली प्रत सुईखाली ठेवली म्हणून आलं. शिवाय एकाची तक्रार आली की ते एका रात्रीत गायब होतं, आणि असेल तोवरही फक्त आवाज असतो. सात इंची हार्डकोअर रेकॉर्ड म्हणजे नुसता आवाज नव्हे. आत घातलेला शब्दांचा कागद असतो, कारण इतक्या वेगात ओरडलेले शब्द कागदाशिवाय कळतच नाहीत. मागे पत्ता असतो, कुणाच्या तरी घराचा. आभाराची यादी असते ज्यातनं कुठला बँड कुठल्या गावात कुणाच्या घरी झोपला हे कळतं, टपालखर्चासकट किंमत छापलेली असते, मधल्या गुळगुळीत भागात खिळ्याने कोरल्यासारखे चार शब्द असतात. कुठली प्रत पहिली, कुठली नंतरची, कव्हरचा रंग का बदलला, हे सगळं आज तपासता येतं ते डिस्कॉग्ज ही रेकॉर्डच्या नोंदींची वेबसाइट २००० साली सुरू झाल्यापासून हजारो संग्राहकांनी आपापल्या प्रती बघून बारीकसारीक नोंदी भरल्या म्हणून. ज्यांना आपण हावरट म्हणतो त्यांनीच फुकटात केलेली ही सूची आहे, कुठल्याही विद्यापीठाने केलेली नाही.

आता सगळ्यात जड आक्षेप, आणि तो फार कमी लोक घेतात याचंच मला आश्चर्य वाटतं. जमवणारे तेच जमवतात जे छापलं गेलं. आणि छापलं कुणाचं गेलं? ज्यांच्याकडे पैसे होते, ओळखी होत्या, ज्यांना बाकीचे गंभीरपणे घेत होते. डीसीमध्ये १९८१ ते ८३ चॉक सर्कल नावाचा सगळ्या मुलींचा बँड होता, त्याच गर्दीतला, त्याच कार्यक्रमांमधला. त्यांची स्वतःची रेकॉर्ड तेव्हा निघालीच नाही, निघाली ती २०११ मध्ये. बॅड ब्रेन्स हा काळ्या पोरांचा बँड, ज्यांना बघून बाकी सगळ्या डीसीने वेगात वाजवायला घेतलं, त्यांनी १९७९ मध्ये इनर इअरमध्ये केलेलं रेकॉर्डिंग १९९६ पर्यंत पडून होतं. फक्त दुर्मिळ सात इंचींच्या मागे धावणाऱ्याच्या कपाटात ही दोन्ही पानं सापडणारच नाहीत. म्हणजे संग्राहकांच्या याद्यांवरनं इतिहास लिहिला तर तो अर्धवट आणि एकतर्फी होणार, हे मला पूर्ण मान्य आहे.

पण त्यावर उपाय म्हणून जमवणं थांबवायचं का? मला तर उलट वाटतं. चॉक सर्कल आपल्यापर्यंत आली ती कुणीतरी टेप टाकून दिल्या नाहीत म्हणून. त्याच बँडच्या शॅरन चेस्लो यांनी जमवलेली कार्यक्रमांची पत्रकं आज मेरीलँड विद्यापीठात आहेत, तिथे पंक झीन्सचाही, म्हणजे हाताने काढलेल्या छोट्या मासिकांचाही, मोठा साठा आहे. डीसीच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१४ मध्ये पंक अर्काइव्ह सुरू केलं, तिथे कुणालाही जाऊन बघता येतं. काय जमवायचं याची व्याख्या रुंद करायची आहे. जास्त किमतीच्या रेकॉर्डसोबत झेरॉक्स केलेलं पत्रक, हाताने लिहिलेली कॅसेट, ज्या बँडची रेकॉर्ड कधीच निघाली नाही त्याचं नाव असलेला कार्यक्रमाचा कागद, हे सगळं यायला हवं. आपल्याकडच्या लघुनियतकालिकांचं काय झालं बघा. १९५४ मध्ये 'शब्द' सायक्लोस्टाइल करून निघालं, साठच्या दशकात 'असो', 'वाचा', 'फक्त' निघाली, प्रस्थापित प्रकाशकांना टाळून, पदरमोड करून, मोजक्या हातांत जातील एवढ्याच प्रती काढून. टिकवायला नव्हतीच ती काढलेली. आज साठोत्तरी कवितेवर काम करणाऱ्याला मूळ अंक बघायचा तर कुणाच्या तरी घरच्या कपाटाशीच जावं लागतं, आणि त्या माणसाने दार उघडलं तर काम होतं, नाही तर नाही.

तळं राखील तो पाणी चाखील, हे मला मंजूर आहे. ज्याने पैसा, वेळ, घरातली जागा घातली त्याने ती रेकॉर्ड रोज हातात घ्यावी, मिरवावी, हवी तर विकावी. पण तळ्याला कुंपण घालायचा हक्क त्यातनं येत नाही. ज्या रेकॉर्डचं गाणं कुठेच उपलब्ध नाही ती ज्याच्याकडे आहे त्याने तिचं चांगलं रेकॉर्डिंग उतरवून, कव्हर आणि आतला कागद स्कॅन करून बँडच्या माणसांना द्यायला हवं, आधी त्यांना, कारण गाणी त्यांची आहेत, परत काढायची की नाही हे त्यांनी ठरवायचं. बँडचे पैसे बुडवून चोरून छापणाऱ्याला नव्हे. याने मूळ प्रतीचा भाव पडतो ही भीती मला खरी वाटत नाही, मायनर थ्रेट चाळीस वर्षं दुकानात मिळतंय आणि तरी पहिल्या आवृत्तीसाठी लोक रांग लावतात.

आणि हे आत्ताच करायला हवं. १९८१ मध्ये जे सतरा वर्षांचे होते ते आज साठी ओलांडून गेलेत. इनर इअरचा तळघरानंतरचा आर्लिंग्टनमधला स्टुडिओही २०२१ मध्ये बंद झाला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ही घरं रिकामी होणार, खोकी बाहेर निघणार, आणि ती उघडणाऱ्या मुलाला किंवा पुतणीला महागड्या रेकॉर्डची किंमत एका मिनिटात शोधता येईल पण त्याखालच्या पिवळ्या पडलेल्या पत्रकांची आणि नाव न लिहिलेल्या कॅसेटची येणार नाही, ती रद्दीत जातील. म्हणून ज्यांच्याकडे असं काही आहे त्यांनी प्रत्येक कॅसेटवर बँडचं नाव, जागा आणि तारीख आजच लिहावी, कुठलं खोकं कुठल्या ग्रंथालयाला जायचं हे मृत्युपत्रात घालावं, आणि जे पुढच्या वेळी कुणाच्या खरेदीवरनं भांडायला सरसावतील त्यांनी किंमत विचारायच्या आधी विचारावं की ही उतरवून घेतलीस का, आणि बँडला पाठवलीस का.